आठवणींचा बाजार आणि ऋणाचा विसर

नाताळ जवळ आला की अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर एक ठरावीक घर दिसू लागते. बाहेर बर्फ, आत शेकोटीचा जाळ, स्वयंपाकघरात राबणारी आई, खुर्चीत आजोबा, अवतीभवती भावंडांचा गलका आणि सर्वांचे डोळे दाराकडे लागलेले. कोणीतरी घरी यायचे असते. दोन तासांनी ते येते, पाहणारे डोळे पुसतात आणि जाहिराती सुरू होतात. गेली पन्नासाहून अधिक वर्षे हे घर दर हिवाळ्यात उभे राहते आणि सण सरताच मोडले जाते. ज्या समाजाने पडद्यावरचे हे घर इतक्या हौसेने जपले, त्याच समाजात प्रत्यक्षातले तसे घर दुर्मीळ का होत गेले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो केवळ अमेरिकेला विचारून भागणार नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

या चित्रपरंपरेचा मानदंड म्हणजे 'द होमकमिंग : अ ख्रिसमस स्टोरी'. १९ डिसेंबर १९७१ रोजी सीबीएस वाहिनीने तो दाखविला. मूळ कथा अर्ल हॅमनर या लेखकाची. १९२३ साली व्हर्जिनिया राज्यातील स्कायलर या डोंगराळ खेड्यात जन्मलेल्या हॅमनरने आपल्याच बालपणावर कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून हा चित्रपट झाला. काळ १९३३च्या नाताळच्या आदल्या रात्रीचा. महामंदीने देशातील सुमारे चौथा हिस्सा कामगार बेकार झालेला. सात मुलांचा बाप पोटासाठी दूरगावी कामाला गेलेला आणि त्या रात्री घरी परतायचा. बसला अपघात झाल्याची बातमी येते. आई थोरल्या मुलाला, जॉन-बॉयला, वडिलांच्या शोधात अंधारात धाडते. पुढे बाप सुखरूप येतो. आणि चोरून लिहिणाऱ्या थोरल्यासाठी त्याने लिहिण्याचे कोरे कागद आणलेले असतात. कथा एवढीच.

प्रेक्षकांनी हा चित्रपट असा डोक्यावर घेतला की एकदाच दाखविण्यासाठी केलेल्या त्या कथेची मालिका करावी लागली. 'द वॉल्टन्स' या नावाने ती १९७२ ते १९८१ अशी नऊ वर्षे चालली. पुढे त्याच कुटुंबाचे सणासुदीचे चित्रपट निघाले, आणि मूळ चित्रपटाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२१ साली, तीच कथा नव्या नटसंचात पुन्हा सादर झाली. एका खेड्यातील एका रात्रीची आठवण अर्धशतकभर एका राष्ट्राचे भावविश्व व्यापून राहते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

चित्रपटातले खरे आणि बाजाराने उचललेले

या चित्रपटाची थट्टा करणारे थोडे नाहीत. 'गोड गोड कुटुंबकथा' म्हणून नाक मुरडणे ही तिकडच्या आणि इकडच्याही काही समीक्षकांची सवय आहे. पण मूळ चित्रपट गोड नाही. त्यात आईचा चेहरा काळजीने ओढलेला आहे. मुले चिडतात, एकमेकांवर खेकसतात. त्यातील एक प्रसंग तर आपल्याकडील वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. शहरातून आलेली एक धर्मप्रचारक बाई गावातल्या गरीब मुलांना भेटवस्तू वाटते. मात्र बायबलमधील वचन म्हणून दाखवील त्यालाच भेट. त्या वाटपात एका चिमुरडीच्या हाती मोडकी बाहुली येते. दानाच्या पिशवीत अहंकार कसा दडलेला असतो आणि उपकाराच्या बदल्यात पाठांतर मागणाऱ्याची भेट आतून कशी फुटकी निघते, हे त्याच धर्मात वाढलेल्या लेखकाने दाखविले आहे. गरिबीतही ताठ राहिलेली मान हा या कथेचा कणा आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या काळातील तीन गाजलेले सणपट शेजारी ठेवून पाहावेत. 'द होमकमिंग'मध्ये आजी-आजोबा त्याच घरात राहतात. १९७२च्या 'द हाउस विदाउट अ ख्रिसमस ट्री'मध्ये नेब्रास्कातील एका छोट्या गावी, पत्नीच्या निधनाने आतून गोठलेल्या बापाला आणि त्याच्या मुलीला सांधून ठेवणारी व्यक्ती म्हणजे घरातली आजी. त्याआधी १९६६ साली दाखविलेला 'अ ख्रिसमस मेमरी' हा ट्रूमन कपोटी या लेखकाच्या बालपणावर आधारलेला. त्यात अलाबामातील एका घरात सात वर्षांचा मुलगा आणि नात्यातली एक वृद्ध बाई मिळून केक करतात आणि परक्यांनाही पाठवितात; अगदी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनासुद्धा. तिन्ही घरांत पैसा नाही किंवा सुख नाही. पण तिन्ही घरांत एक म्हातारी बाई आहे आणि लहान मुलाचा हात तिच्या हातात आहे. या चित्रपटांचे बळ बर्फात नाही, दिव्यांच्या माळांत नाही. तीन पिढ्या एका छपराखाली राहतात आणि एकमेकींचा भार वाहतात, यात ते आहे.

हा भार केवळ कथेतच वाहिला गेला, असेही नाही. 'वॉल्टन्स'मधील आजीचे काम करणाऱ्या एलन कॉर्बी यांना १९७६ साली पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा अडखळू लागली. मालिकेने दुसरी आजी आणली नाही. १९७८ साली कॉर्बी परतल्या त्या तशाच, तुटक बोलणाऱ्या आजीच्या रूपात. कथेतल्या कुटुंबानेही आजारी आजीला घरी आणले. त्याच वर्षी आजोबांचे काम करणारे विल गीअर वारले. त्यांच्या जागी दुसरा आजोबा उभा केला गेला नाही. घर त्यांच्या मृत्यूचा शोक करताना दाखविले गेले. करमणुकीच्या धंद्यातही माणूस हा बदलता येणारा सुटा भाग नव्हे, हे भान काही काळ शिल्लक होते.

पण बाजाराने यातून उचलले काय? बर्फ उचलले, शेकोटी उचलली, मिठी उचलली. भार मात्र खाली ठेवला.

गाव हाकलणारे आणि गाव विकणारे

या व्यवहाराची सुरुवातच बोलकी आहे. ज्या १९७१ साली सीबीएसने हा चित्रपट दाखविला, त्याच वर्षी तिने ग्रामीण जीवनावरच्या आपल्या लोकप्रिय मालिका एकापाठोपाठ एक बंद केल्या होत्या. 'द बेव्हर्ली हिलबिलीज', 'ग्रीन एकर्स', 'मेबेरी आर. एफ. डी.' आणि 'ही हॉ' हे कार्यक्रम प्रेक्षकांअभावी बंद पडले नाहीत. त्यांचा प्रेक्षक वयस्क आणि खेड्यापाड्यातला होता. आणि जाहिरातदारांना हवा होता तो शहरातला, तरुण, खर्च करणारा. वसंतात खेड्याला दारातून बाहेर काढायचे आणि डिसेंबरात त्याच खेड्याची आठवण त्याच दारातून आत आणून विकायची, हा त्या वर्षीचा हिशेब. खेडूत नको, खेड्याची आठवण हवी. म्हातारा प्रेक्षक नको, पडद्यावरचा म्हातारा हवा. स्मरणरंजनाचे सारे अर्थशास्त्र या एका वर्षात सामावले आहे.

आठवण बाजारात उतरली की तिचा पहिला बळी जातो तो तिच्या ठिकाणाचा. हॅमनरच्या याच कुटुंबावरील आधीची कादंबरी १९६३ साली मोठ्या पडद्यावर आली, तेव्हा व्हर्जिनियाच्या बुटक्या निळसर डोंगरांऐवजी वायोमिंगचे गगनचुंबी टेटन पर्वत घेतले गेले, कारण ते अधिक देखणे दिसतात. मालिकेतील घर तर कॅलिफोर्नियात, बरबँकच्या चित्रनगरीत उभे होते. खऱ्या स्कायलर गावात काय उरले? १९९२ साली तेथील जुन्या शाळेच्या इमारतीत या मालिकेचे संग्रहालय उघडले. ज्या वर्गात मुले शिकली, तेथे आता पर्यटक पडद्यावरच्या स्वयंपाकघराची प्रतिकृती पाहतात. गावाने स्वतःचेच स्मारक व्हावे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

त्याच १९९२ सालच्या जानेवारीत अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी अमेरिकी कुटुंबे 'सिम्पसन्स'सारखी कमी आणि 'वॉल्टन्स'सारखी अधिक व्हावीत, अशी इच्छा जाहीर भाषणात व्यक्त केली. टाळ्या पडल्या. पण वॉल्टन कुटुंब ज्या मातीत उगवले, त्या मातीचे काय झाले, हे त्या भाषणाने सांगितले नाही. १९३०च्या जनगणनेत अमेरिकेची सुमारे चौथा हिस्सा लोकसंख्या शेतावर राहत होती. १९७० साली ती पाच टक्क्यांच्याही खाली आली. १९४० साली तेथील शंभर घरांपैकी सुमारे आठ घरांत एकच माणूस राहत होता. २०२० साली अशी घरे शंभरांत अठ्ठावीस झाली. कुटुंब केवळ वाईट चित्रपटांनी मोडले नाही आणि चांगल्या चित्रपटांनी ते सांधलेही जाणार नाही. बापाला गावात काम नाही, म्हणून तो नाताळच्या रात्रीही वाटेवरच आहे, ही 'होमकमिंग'ची मूळ वेदना आहे. नीतीचे व्याख्यान देणाऱ्यांनी ती वेदना गाळली आणि तिच्यावरची साय तेवढी चाखली.

आता हा धंदा पूर्णत्वास गेला आहे. शुभेच्छापत्रे विकून मोठ्या झालेल्या हॉलमार्क कंपनीची वाहिनी २००९ पासून नाताळची 'उलटी गणती' चालविते आणि ऑक्टोबरातच चित्रपटांचा रतीब सुरू करते. एकेका हंगामात तीस-चाळीस नवे चित्रपट आले. त्यांतील अनेकांतील अमेरिकी गाव प्रत्यक्षात कॅनडातले असते, आणि पुष्कळदा भर उन्हाळ्यात कृत्रिम बर्फ पसरून ते सजविलेले असते. कथा बहुधा एकच : शहरात नोकरी करणारी नायिका गावी येते, तेथील एखाद्या उमद्या तरुणाच्या प्रेमात पडते आणि गाव 'वाचते'. यात आजी असते, पण ती सल्ला देण्यापुरती. तिचे पाय चेपावे लागत नाहीत, तिला रात्री औषध द्यावे लागत नाही. १९७१च्या चित्रपटात आठवण जखमेसह आली होती. आता जखम काढून टाकून मलमच तेवढे विकले जाते.

गावकुसाबाहेर कोण?

स्मरणरंजनाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ते जसे दुःख गाळते, तसाच अन्यायही गाळते. १९३३च्या व्हर्जिनियात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि १९२६च्या कायद्याने सार्वजनिक सभागृहांतील बैठकही वेगळी केली होती. मूळ चित्रपटात जॉन-बॉय मदतीसाठी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जातो, एवढी तरी त्या वास्तवाची खूण आहे. पण 'जुने दिवस किती सुंदर होते' असे म्हणताना ते कोणासाठी सुंदर होते, हे विचारण्याचे धैर्य या चित्रप्रकाराने क्वचितच दाखविले.

हा आरोप आपल्याकडे वळविला तर तो चुकत नाही. कौलारू घर, तुळशीवृंदावन, आंब्याची अढी आणि नदीवरचा डोह यांच्या आठवणींवर मराठीत किती लिहिले गेले! पण त्या गावचा पाणवठा कोणासाठी खुला होता? महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तो याच रम्य खेड्यांच्या काळात. ज्या आठवणीत गावकुसाबाहेरची वस्ती दिसत नाही, ती आठवण अर्धी आहे. आणि अर्ध्या आठवणीवर समरस समाज उभा राहत नाही.

मग आठवणच टाकून द्यावी काय? पुरोगामी म्हणविणाऱ्या काहींचे म्हणणे तसेच आहे. जुने घर म्हणजे जाच, आई म्हणजे राबणूक, आजी म्हणजे कर्मठपणा. ते गेले ते बरेच झाले, असा त्यांचा निवाडा. हा निवाडाही तितकाच उथळ आहे. घरातला अन्याय दूर करणे आणि घरच दूर करणे यांत फरक आहे. आईचे कष्ट वाटून घेण्याऐवजी आईलाच एकटी पाडणे ही सुधारणा नव्हे. विकणारा आठवणीतले दुःख काढून टाकतो आणि मोडणारा आठवणीतले प्रेम काढून टाकतो. दोघांच्याही हाती उरतो तो चोथा.

त्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात

आठवणीचे काय करायचे, याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. ज्या १९३३ सालच्या एका रात्रीवर अमेरिकेने सणपटांचा डोलारा उभा केला, त्याच १९३३च्या फेब्रुवारीत साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहीत होते. तेही ग्रामीण बालपण, तेही दारिद्र्य, तीही आई. गुरुजींचा राजकीय मार्ग वेगळा होता. पण कोकणातल्या पालगडची ती आई कोणत्याही एका विचारधारेच्या मालकीची नाही. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि २०२३ साली नवा चित्रपट आला तोही दिवाळीच्या तोंडावर. म्हणजे सण आणि बालपणीची आठवण यांची सांगड आपल्याकडेही आहे.

पण एक भेद आहे आणि तोच सर्वस्व आहे. त्या पुस्तकात आई श्यामला वाटेवरच्या एका अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला पाठविते. वाचकांचे डोळे या प्रसंगाने ओलावतात. साने गुरुजी डोळे ओले करून थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला आणि १९४७च्या मे महिन्यात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले. मोळी उचलून देणाऱ्या आईचा मुलगा मंदिराचे दार उघडण्यासाठी प्राण पणाला लावतो, तेव्हा आठवणीचे सार्थक होते. भारतीय परंपरेने यालाच ऋण म्हटले आहे. आईची आठवण हे मातृऋण, पूर्वजांची आठवण हे पितृऋण. ऋण आठवून गहिवरायचे नसते. ते फेडायचे असते. स्मरणरंजन आणि ऋणस्मरण यांतील अंतर ते हेच.

आता मराठी मध्यमवर्गाने या आरशात पाहावे. कोकणातली कितीतरी घरे गणपतीपुरती उघडतात आणि विसर्जनानंतर त्यांना पुन्हा कुलूप लागते. पुण्या-मुंबईच्या कितीतरी सदनिकांत वृद्ध दांपत्ये राहतात, ज्यांची मुले सातासमुद्रापार नाताळच्या सुट्टीत हेच चित्रपट पाहत असतील. मुले कामासाठी दूर जातात, यात पाप नाही. वॉल्टनचा बापही दूर गेलाच होता. पण त्याचे घर त्याची वाट पाहत होते आणि तो अपघातग्रस्त वाटेवरूनही घराकडेच येत होता. प्रश्न अंतराचा नाही, दिशेचा आहे.

ज्या देशाने 'मातृदेवो भव' म्हटले, त्या देशाच्या संसदेला २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी कायदा करावा लागला. मुलांनी आई-बापांना पोसावे म्हणून न्यायाधिकरणे नेमावी लागली. हा कायदा आवश्यक होता, यातच आपला पराभव आहे. अमेरिकेकडे बोट दाखवून 'पाहा, तिकडे कुटुंब उरले नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी हा कायदा आठवावा. दुसऱ्याच्या घराचे वासे मोजताना आपल्या आढ्याला लागलेली वाळवी दिसत नाही, असे होऊ नये.

यावर कोणी म्हणेल, दोन तास रडून मन हलके झाले तर बिघडले काय? बिघडते ते हेच की मन हलके होते. काही ओझी हलकी होण्यासाठी नसतात. आईची काळजी, बापाचे म्हातारपण, गावाचे उजाड होणे ही ओझी मनावर राहिली तर माणूस उठून काहीतरी करतो. पडद्यासमोर ती उतरली की तो समाधानाने झोपी जातो. पडद्यावरच्या आजीसाठी रडणारी माणसे शेजारच्या खोलीतील आजीला 'थांब गं, मधे बोलू नकोस' म्हणून गप्प करतात, हे दृश्य कोणत्याही चित्रपटात दाखविले जात नाही. पण ते घरोघरी घडते.

तेव्हा येत्या सुट्टीत असे चित्रपट जरूर पाहावेत. चांगली कलाकृती पाहण्यात कमीपणा नाही. पण पाहून झाल्यावर संच बंद करावा आणि मुलांना आजीजवळ बसवावे. तिचे गाव कोणते, तिच्या घरात पाणी कोठून यायचे, त्या विहिरीवर कोणाला येऊ देत नसत, धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी तिची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, हे सारे तिला विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. जॉन-बॉयला बापाने कोरे कागद दिले ते यासाठीच. त्या वहीत सुखाबरोबर अन्यायही उतरेल, उतरू द्यावा. मग तिच्यात ज्या ज्या देण्याची नोंद होईल, ते फेडण्याचा आरंभ त्याच सुट्टीत करावा. बंद घराचे कुलूप काढायला वर्षातून एकदाच जावे लागते, अशी स्थिती असेल तर दुसऱ्यांदा जावे. गावच्या शाळेचे छप्पर गळत असेल तर ते शाकारावे. आणि आई-वडील एकटे असतील तर त्यांना चित्रफीत न पाठविता स्वतः जाऊन भेटावे.

पडद्यावरचे घर सण संपताच काढून ठेवता येते. खऱ्या घराची वाळवी तशी काढून ठेवता येत नाही. तिला रोजच्या रोज झटकावे लागते, आणि ते काम घरातल्या माणसांनाच करावे लागते.